पता करतो

उज्जैनच्या मराठीत ‘पता करणे’ असं एक क्रियापद आहे. पुण्या-मुंबईकडची माणसं चौकशी करतात, तपास काढतात, फार तर विचारून बघतात. आम्ही पता करतो. राणोजी शिंद्यांच्या मागोमाग आमचे पूर्वज माळव्यात उतरले तेव्हा चौकशी नक्कीच सोबत आणली असणार. पण इतक्या पिढ्या शिप्रेचं पाणी पिऊन तिचा पता झाला. बापूकाकांच्या भाचीच्या लग्नाच्या वेळी पुण्याच्या व्याह्यांनी फोनवर विचारलं, ‘‘यायला कोणती गाडी बरी?’’ काका म्हणाले, ‘‘पता करतो.’’ व्याह्यांनी तत्परतेनं आपला सदाशिव पेठेतला पत्ता पिनकोडसकट सांगितला. काकांनी तो शांतपणे उतरवून घेतला. मिळतंय ते लिहून ठेवावं, हा त्यांचा स्वभाव. व्याही शेवटी आपल्या मनानंच कुठल्याशा गाडीनं आले. काकांकडून गाड्यांचा तक्ता पोस्टानं त्या पत्त्यावर पोचला, तो लग्नानंतर अकरा दिवसांनी. तक्ता मात्र अचूक होता, हे व्याहीही कबूल करतात.

बापूकाका पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. उभी हयात ट्रेसिंग पेपरवर कालवे काढण्यात गेली. त्यातले काही पुढे जमिनीवरही आले. निवृत्तीला बारा वर्षं झाली, पण सदऱ्याच्या खिशात अजून दोन पेनं असतात. ऐकीव माहिती निळ्या शाईत आणि खात्रीची लाल शाईत, असा त्यांच्या डायरीचा नियम आहे. निळ्या रिफिला महिन्याला दोन लागतात. लाल पेन निरोप समारंभात मिळालं होतं, ते पहिल्याच रिफिलवर चालू आहे.

मोबाइलच्या पाठीवर त्यांनी स्वतःच्या नंबराची चिठ्ठी चिकटपट्टीनं लावली आहे. तो नंबर त्यांना पाठ नाही. ‘‘आपण आपल्याला कशाला फोन लावतोय?’’ हे त्यांचं म्हणणं, आणि ते खोडून काढणं मला कधी जमलेलं नाही. ज्याला म्हणून काही विचारतील त्याच्यासमोर ते मोबाइल उलटा धरतात आणि म्हणतात, ‘‘हे लिहून घ्या. काही पता लागला तर कळवा.’’ अशा रीतीनं माळव्यातल्या निम्म्या दुकानांच्या गल्ल्याखाली बापूकाकांचा नंबर पडलेला आहे.

आता एवढा पता करून काका घेतात काय, असं कोणी विचारील. काही नाही. हापूसचंच बघा. देवगडचा अस्सल हापूस उज्जैनला कुठे मिळेल, याचा पता ते दरवर्षी पाडव्याला सुरू करतात. कोण कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत भरतो, पेटीतलं गवत कुठलं, देठाजवळचा खड्डा किती खोल असावा, हे सगळं लाल शाईत यायच्या आत मृग लागतो आणि काकू मुकाट्यानं दसेरी आणतात. मुलीसाठी स्थळं बघायला निघाले तेव्हा पहिल्याच मुलाचा पता चौदा महिने चालला. मुलाच्या आजोळच्या गावातली विहीर गोडी की खारी, इथवर काका पोचले होते. तेवढ्यात मुलीनं इंदूरच्या कॉलेजातला आपला वर्गमित्र घरी आणला आणि म्हणाली, ‘‘बाबा, याचा पता मी केला आहे.’’ काकांनी जावयाला पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘‘तुम्ही हिचा कुठून पता केलात?’’

ती मुलगी आणि तो जावई आता कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतात, आणि आमच्या गोष्टीतला प्राणी तिथूनच आला. म्हणजे आला नाही. त्याचा विषय आला.

नातवाला फेरेट हवा होता. दहा वर्षांचा मुलगा, कुठल्याशा मित्राच्या नेवाडातल्या मावशीकडे पाहून आलेला. पण कॅलिफोर्नियात फेरेट पाळायला बंदी आहे. अख्ख्या अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि हवाई ही दोनच राज्यं अशी, आणि आमचा नातू नेमका त्यातल्या एकात. ज्या राज्यात माणसाला वाटेल ते करता येतं अशी उज्जैनमध्ये समजूत आहे, तिथे वीतभर शेपटीचा प्राणी पाळता येत नाही, याचं काकांना फार नवल वाटलं. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर नातू म्हणाला, ‘‘आजोबा, इंडियात अलाउड आहे? मग तुम्ही घ्या ना. मी डिसेंबरात येऊन खेळीन.’’

काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, ‘‘नाही म्हणा!’’

काका म्हणाले, ‘‘पता करतो.’’

पहिले तीन आठवडे नुसते फेरेट म्हणजे काय हे ठरवण्यात गेले. त्या काळात टॉवर चौकाजवळ सकाळी पोहे-जिलबी खायला येणाऱ्या आम्हा चार-पाच जणांना इतकं शिक्षण मिळालं की शेवही घशाखाली उतरेना. फेरेट म्हणजे मुंगूस नव्हे, हा पहिला धडा. दिसायला साधारण तसाच, लांबट अंग, आखूड पाय, टोकदार तोंड. पण मुंगसाचं गोत्र मांजर-तरसाच्या बाजूचं आणि फेरेटचं पाणमांजराच्या बाजूचं. सोयरीक जुळायची नाही. युरोपात पोलकॅट म्हणून एक जंगली प्राणी आहे, त्याला माणसानं दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी माणसाळवलं, सशांच्या बिळात सोडायला. फेरेट आत शिरतो, ससे बाहेर पडतात, माणूस जाळं धरून बसलेला असतो. १९७१ मध्ये शिकागोजवळच्या फर्मीलॅब या अणुविज्ञानाच्या प्रयोगशाळेत नळ्या साफ करायला फेलिशिया नावाची एक फेरेट ठेवली होती. तिच्या पट्ट्याला दोरी बांधायची, ती नळीच्या या तोंडातून शिरून त्या तोंडातून निघायची, मग त्या दोरीनं बोळा ओढून घ्यायचा.

पोहेवाला कढईवरचं झाकण तसंच हातात धरून ऐकत होता. ‘‘बाबूजी, मेरा सिंक कब से जाम है,’’ तो म्हणाला. ‘‘आ जाए तो एक दिन भेज देना.’’

काकांनी डायरीत लिहिलं. निळ्या शाईत.

क्राकोच्या संग्रहालयात लिओनार्दोचं एक चित्र आहे, तरुण बाई आणि तिच्या हातात पांढरा प्राणी. तो फेरेट आहे असं बरेच जण म्हणतात; चित्राचं नाव मात्र त्याला अर्मिन ठरवतं. या प्रश्नावर काकांनी एक अख्खी सकाळ घेतली. आमच्यातल्या एका निवृत्त स्टेशनमास्तरांना त्या दिवशी दाताच्या डॉक्टरांकडे जायचं होतं; ते म्हणाले, आज तिथेच बरं वाटलं.

उज्जैनच्या परंपरेत हे बसतं का, हाही मुद्दा होता. तरुणपणी गणेशोत्सवात ‘संगीत मृच्छकटिक’ झालं तेव्हा काकांनी मैत्रेयाचं काम केलं होतं, त्यामुळे वसंतसेनेच्या घरावर आपला थोडा हक्क आहे असं ते समजतात. शूद्रकाच्या मूळ नाटकात चौथ्या अंकात मैत्रेय तिच्या वाड्याचे आठ चौक बघत जातो. तिथे पोपट आहेत, मैना आहेत, लावे, तित्तिर, मोर, सारस, हत्ती, एडका आणि बांधलेलं माकडसुद्धा आहे. ‘‘याच गावातली गोष्ट आहे ही,’’ काका म्हणाले. ‘‘तिच्याकडे सगळं होतं. फेरेट नव्हता.’’ त्यांच्या आवाजात असा काही सूर होता की दोन हजार वर्षांची ही उणीव आता आपल्यालाच भरून काढायची आहे.

मग मुख्य प्रश्न आला, मिळतो कुठे.

फ्रीगंजातल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात मीही सोबत गेलो होतो. काकांनी आधी नोंदणीचं प्रमाणपत्र मागितलं. २०१८ च्या नियमांप्रमाणे अशा दुकानाला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, हे त्यांनी आदल्या रात्री वाचलं होतं. आजवर गिऱ्हाइकानं असं काही मागितलं नसावं. दुकानदारानं आधी काकांकडे, मग माझ्याकडे बघितलं आणि पोराला चहा सांगितला.

‘‘फेरेट चाहिए,’’ काका म्हणाले.

दुकानदाराचा चेहरा उतरला. तो गल्ल्यावरून वाकून हळूच बोलला, ‘‘बाबूजी, पैरट पे तो रोक है. देसी तोता रखना जुर्म है.’’

‘‘पैरट नहीं. फेरेट.’’

‘‘वही तो. विदेशी वाला दिखा दूँ? बजरीगर?’’

काकांनी डायरी उघडून स्वतः काढलेली आकृती दाखवली. आकृती उत्तम होती: वरून, बाजूनं आणि शेपटीकडून, तिन्ही अंगांनी, खाली मोजमाप. दुकानदार बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ‘‘ये तो नाली का नक्शा है ना?’’

शेवटी त्यानं ससे दाखवले, पांढरे उंदीर दाखवले, चाकात धावणारा एक हॅम्स्टर दाखवला. काका हॅम्स्टरपाशी काही वेळ थांबले. अखंड धावतोय आणि तिथल्या तिथेच आहे, याचं त्यांना कौतुक वाटलं असावं. निघताना मोबाइल उलटा धरून नंबर दिला.

त्यानंतर इंदूर. पंचावन्न किलोमीटर बसनं जायचं, चार दुकानं फिरायची, चार ठिकाणी नंबर द्यायचा आणि सराफ्यात काहीही न खाता परत यायचं. खाल्लं तर लक्ष विचलित होतं म्हणे. भोपाळ फोनवर झालं. देवासच्या एका कुत्रेवाल्यानं सांगितलं की आपल्या मेहुण्यानं सुरतेत पाहिला होता. सुरतेचा मेहुणा म्हणाला, तो फेरेट नव्हे, कोणाची तरी पामेरियन होती, आंघोळ घातलेली.

कार्तिकात शिप्राकाठी जत्रा भरते आणि त्याच सुमारास गाढवांचा बाजारही. लांबलांबून कुंभार, वीटभट्टीवाले, व्यापारी येतात. गाढवांना सिनेमातल्या मंडळींची नावं देऊन रंगवून उभी करतात. काकांचं तत्त्व असं की जनावरांचा बाजार तो जनावरांचा बाजार, विचारायला काय जातं? ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याला त्यांनी फेरेटचं सविस्तर वर्णन ऐकवलं. तो माणूस अदबीनं ऐकून घेत होता.

‘‘वजन कितना?’’

‘‘एखाद-दीड किलो.’’

‘‘बोझा?’’

‘‘नाही उचलत.’’

‘‘करता क्या है फिर?’’

‘‘सोता है. चौदह-पंद्रह घंटे. कभी अठारह.’’

‘‘खाता?’’

‘‘मांस.’’

म्हाताऱ्यानं काकांच्या पांढऱ्या सदऱ्याकडे, दोन पेनांकडे, पायातल्या चपलांकडे बघितलं. मग उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि एका तपकिरी गाढवाचा भाव आपणहून पाचशेनं उतरवला.

रामघाटावर एक गारुडी भेटला. त्याच्याशी बोलणं फार पुढे गेलं, कारण त्याला वर्णन पहिल्या वाक्यात समजलं. ‘‘नेवला बोलो ना. परसों रात ला देता हूँ.’’ काका एक पाऊल मागे सरले आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यावर त्यांनी त्याला घाटाच्या पायऱ्यांवर उभ्या उभ्या व्याख्यान दिलं. मुंगूस पकडता येत नाही, विकता येत नाही, पाळता येत नाही. त्याच्या केसांचे ब्रश विकणंसुद्धा गुन्हा आहे. गारुडी म्हणाला, ‘‘वो ब्रश तो सब साहब लोग ही लेते थे.’’

घरी येईपर्यंत काका बोलले नाहीत. रात्री त्यांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतलेले रंगाचे ब्रश त्यात होते, शिसवी दांड्याचे, मऊ करड्या-तपकिरी केसांचे. कालव्याच्या निळ्या रेघा याच ब्रशांनी भरल्या होत्या. लहानपणी वाटेत मुंगूस आडवं गेलं की आपण त्याला रामाची शपथ घालतो आणि तोंड दाखवायला सांगतो; काकांनीही घातली असेल. पेटी बंद करताना ते एवढंच म्हणाले, ‘‘हे कधी पता नाही केलं.’’ मी या माणसाची थट्टा करायला बसलो आहे खरा, पण त्या रात्री मला ती सुचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी काका पूर्ववत झाले.

एव्हाना पिंजऱ्याचा नकाशा तयार होता. प्राणी मिळायच्या आधी पिंजरा का, हा प्रश्न पाटबंधारे खात्यातल्या माणसाला पडत नाही. पाणी मिळायच्या आधी कालवा काढायची त्यांना सवय असते. पिंजरा तीन मजली होता, उतरायला जिने, झोपायला हॅमॉक. अडचण एकच, उन्हाळा. फेरेटला घाम येत नाही, तापमान तिशीच्या आसपास गेलं की त्याला उष्माघाताची भीती. आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो. पिंजऱ्यावर सावली कुठून पडेल हे बघायला काका जिवाजी वेधशाळेत गेले. जयसिंहानं बांधलेल्या, शिंद्यांनी १९२३ मध्ये पुन्हा चालू केलेल्या त्या वेधशाळेत लोक कालगणना बघायला येतात. फेरेटच्या पिंजऱ्याचा कोन काढायला आलेले काका पहिलेच. उज्जैन कर्कवृत्ताला इतकं चिकटून आहे की २१ जूनला भर दुपारी तिथल्या शंकूची सावली नाहीशी होते. काकांनी त्या तारखेपुढे लाल शाईत लिहिलं: ‘सावली शून्य’. लाल शाईतली ती त्या वर्षातली पहिली नोंद.

‘‘म्हणजे एसी लागेल,’’ ते जेवताना म्हणाले.

काकूंनी वरणाचा डाव थांबवला. ‘‘मला अठ्ठेचाळीस वर्षं झाली या घरात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी कूलरवर आहे.’’

काकूंशी झालेली चर्चा सगळ्यात थोडक्यात आटोपली. हा प्राणी पक्का मांसाहारी. धान्य-भाजी त्याला पचत नाही, आतडं आखूड असतं. दूध-पोळीवर राहील का? नाही. एकादशीला? नाही. काकू म्हणाल्या, ‘‘या घरात आजवर अंडं आलेलं नाही.’’ काकांनी काळभैरवाचा दाखला दिला. तिथे देवाला मद्याचा नैवेद्य दाखवतात, साऱ्या गावाला चालतं. काकू म्हणाल्या, ‘‘तो देव आहे. तुम्ही पेन्शनर आहात.’’

काकांनी प्रामाणिकपणे उरलेलं सांगून टाकलं. अंगाला एक उग्र वास असतो, आंघोळ घातली तर वाढतो. दिवसाचा बहुतेक वेळ झोपून काढतो. उठला की चाव्या, चमचे, मोजे, मिळेल ते उचलून कपाटामागं साठवतो. त्याच्या नावाचं मूळच मुळी लॅटिनमधल्या चोरासाठीच्या शब्दात आहे.

‘‘झोप आणि साठवण हे तर घरात आहेच,’’ काकू म्हणाल्या. ‘‘वासाचं तेवढं नवीन.’’

त्या रविवारी मुलगीही कॉलवर हसत होती. म्हणाली, ‘‘बाबा, इंग्रजीत फेरेट हे क्रियापदही आहे हं. बिळात शिरून, उकरून उकरून माहिती बाहेर काढणं.’’

‘‘म्हणजे पता करणं,’’ काकू म्हणाल्या. ‘‘मग दुसरा आणायचा कशाला?’’

काकांना यात लागण्यासारखं काही दिसलं नाही. त्यांनी क्रियापद लिहून घेतलं.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांना म्हशींच्या रांगेतून आत घेतलं आणि पूर्ण ऐकलं. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा फेरेटला हमखास प्राणघातक, हे काकांनी डॉक्टरांना सांगितलं. मादी ऋतूत आली आणि नर मिळाला नाही तर तो ऋतू लांबतच जातो, रक्त कमी होत जातं, जीवही जातो; म्हणून शस्त्रक्रिया आधीच करून घ्यावी लागते, हेही सांगितलं. डॉक्टरांनी मान डोलावली आणि विचारलं, ‘‘आप किस कॉलेज से हैं?’’

मग इंटरनेटवरचा तो विक्रेता. गावाचं नाव सांगत नव्हता, फोटो पाठवत होता. नर-मादी जोडी, दहा हजार आगाऊ, उरलेले माल पोचल्यावर, विमानानं येईल. फोटोतल्या जोडीमागं बर्फ पडत होता. आम्ही सगळे घाबरलो, की काका आता दहा हजार घालवणार. आम्हाला काका कळलेच नव्हते. आगाऊ पैसे द्यायचे म्हणजे पता संपवायचा, आणि तो असा मध्येच संपवणं त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी त्या माणसाला पहिल्या दिवशी नऊ प्रश्न विचारले. दात मोजून सांगा, चौतीस आहेत का? आईबाप कोणते? डिस्टेंपरची लस कुठल्या कंपनीची? विमानतळावर विलगीकरणाचा कागद कोणी दिला? दुसऱ्या दिवशी आणखी बारा. रात्री साडेदहाला एक पुरवणी प्रश्न. चौथ्या दिवशी त्या भामट्यानं कळवळून संदेश पाठवला, ‘‘अंकल, मेरे पास कोई जानवर नहीं है. माफ कर दो.’’ आणि काकांना ब्लॉक केलं. काकांना वाईट वाटलं. मुलगा हुशार होता म्हणाले, थोडं वाचन कमी पडलं.

परदेशातून आणायचं म्हणाल, तर घर हलवताना सोबत कुत्रा-मांजर आणायची रीत आहे. कागद लागतात, मुंबई-दिल्लीसारख्या ठिकाणी विलगीकरण केंद्रं आहेत. काकांनी मुंबईला फोन लावून एका कारकुनाशी तासभर बोलणं केलं. कुत्र्याचे नियम त्या कारकुनाला तोंडपाठ होते. फेरेटचं स्पेलिंग त्यानं तीनदा विचारलं, मग म्हणाला, ‘‘काका, तुम्ही एकदा लेखी द्या.’’ लेखी द्या हे शब्द ऐकून काकांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी त्यांच्या साठीशांतीलाही पाहिलं नव्हतं. अर्ज सात पानी झाला, सोबत तिन्ही अंगांची आकृती.

या सगळ्यात डिसेंबर आला. नातू आला, पंधरा दिवस राहिला, गल्लीतल्या पोरांबरोबर गच्चीवर पतंग उडवला, भरपूर जीरावन घालून पोहे खाल्ले. फेरेटचं त्यानं नाव काढलं नाही. काकांनी एकदा पिंजऱ्याचा नकाशा पुढे केला तर म्हणाला, ‘‘कूल, आजोबा,’’ आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर फुली-गोळा खेळला. काकांना त्याचा राग आला नाही. मूल परत गेलं, पता चालूच राहिला. खरं तर आता कुठे तो मोकळा झाला होता. आता फेरेटची गरज मधे येत नव्हती.

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा काका पलंगावर ताठ बसले होते. डायरी उघडी. लाल पेनाचं टोपण काढलेलं.

‘‘बेटा, लागला पता,’’ ते म्हणाले.

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटातल्या एका माणसाशी त्यांचं बोलणं झालं होतं. त्यानं भोपाळवाल्याला विचारलं, भोपाळवाल्यानं इंदूरला, इंदूरवाल्यानं फ्रीगंजातल्या आपल्या ओळखीच्या दुकानदाराला. आणि सगळीकडून एकच उत्तर फिरून आलं होतं. काकांनी ते मला वाचून दाखवलं: फेरेटच्या बाबतीत सगळ्या मध्य प्रदेशात एकच जाणता माणूस आहे, म्हणे. कुठे मिळतो, काय खातो, कायदा काय, दात किती, सगळं त्याला ठाऊक. दुकानदार त्याला फेरेटवाले बाबूजी म्हणतात. आणि गंमत बघ, माणूस आपल्या उज्जैनचाच.

‘‘इतके दिवस आपल्याला पता नव्हता!’’ काका म्हणाले. ‘‘नंबर मिळाला आहे.’’

त्यांनी डायरी माझ्यापुढे केली. निळ्या शाईत दहा आकडे होते. मी ते वाचले. काकूही चष्मा लावून माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं आणि काकू पदर तोंडाला लावून आत चहा टाकायला गेल्या.

‘‘लावून बघता?’’ मी म्हटलं.

काकांनी घसा खाकरला, सदऱ्याची घडी नीट केली, मोबाइल हातात घेतला आणि एकेक आकडा मोठ्यानं म्हणत दाबला. चिठ्ठी मागच्या बाजूला, तळहाताखाली होती. कानाला लावून त्यांनी थोडा वेळ ऐकलं.

‘‘व्यस्त आहे,’’ ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आदर होता. ‘‘कामाचा माणूस दिसतो.’’

आणि पाच मिनिटांनी त्यांनी पुन्हा लावला.